ताटी उघडू नका

साठी उलटली की माणसाने अध्यात्माकडे वळावं म्हणतात. मी बेकिंगकडे वळलो. ओटीजी, म्हणजे केक भाजायचा छोटा विजेचा ओव्हन, बघूनच हिच्या भावाने नाक मुरडलं. "भावोजी, कोपऱ्यावर बेकरी आहे की!"

केक करणं सोपं असतं हो. त्याला एकटं सोडणं महाकठीण. आपलं स्वयंपाकघर म्हणजे ढवळाढवळीचं राज्य. भाताचं शीत दाबून बघायचं, भाजीवरचं झाकण दर दोन मिनिटांनी उचलायचं, पोळी फुगेना तर फडक्याने दाबून फुगवायची. ओटीजीसमोर मात्र 180 अंशांवर 35 मिनिटं हाताची घडी. फळाची आशा धरू नकोस, हे अर्जुनाला एक वेळ जमलं असेल. त्याच्यापुढे काचेचं दार आणि आत दिवा नव्हता.

विसाव्या मिनिटाला केकने मधोमध टेंगूळ काढलं. कडा बदामी झाल्या, घरभर व्हॅनिलाचा वास. स्टुलावर बसून मी एकटक बघत होतो. इतकं ध्यान देवघरात कधी लागलं नव्हतं. तेवढ्यात आई आली.

"झालाय का बघ की."

"मध्ये उघडायचं नसतं, आई."

"अख्खं कोण म्हणतंय? किलकिलं कर. मुक्ताईनंसुद्धा ताटी उघडा म्हटलंय."

पंच्याऐंशीच्या बाईने संत मध्ये आणले की वाद संपतो. मी दार किलकिलं केलं. मग जरा आणखी. टेंगूळ थरथरलं आणि पावसात मांडवाचं कापड बसावं तसं मधोमध बसलं. हूं नाही की चूं नाही. बेकिंग पावडरचे बुडबुडे गरम असतात तोवर फुगलेले. भोवतीचं अंडं-मैदा घट्ट व्हायच्या आत गार वारा लागला की आतला वायू आकसतो आणि छप्पर खचतं.

"अहंकाराचंही अगदी असंच…" मी सुरू केलं.

"आधी दार लावा," ही म्हणाली.

खरं तर आईला मुक्ताईचीच दुसरी गोष्ट ऐकवायला हवी होती. या भावंडांचा द्वेष करणाऱ्या विसोबाने कुंभारांना दटावलं, मांड्यांसाठी खापर मिळेना. तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवला आणि तिने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. ना टायमर, ना अंश. विसोबा म्हणे चोरून बघत होता, पण "झाले का?" म्हणून त्यानेही विचारलं नाही. पुढे तोच उष्टे मांडे खायला धावला, तेव्हा "खेचरा, परता हो" ऐकावं लागलं आणि कायमचा विसोबा खेचर झाला.

संध्याकाळी हिचा भाऊ आला. आईने खड्ड्यात साखरआंबा ओतून ठेवला होता. त्याने एक तुकडा घेतला, मग दुसरा, मग डबाच पुढ्यात ओढून कडेचा चुरा चमच्याने खरवडायला लागला. "खेचरा" अगदी ओठांवर आलं होतं. पण सासुरवाडीचा माणूस. मी चहा टाकायला उठलो.