८६५ गावं आणि एक नळी

आबांच्या नाकात नळी घातली तेव्हा मी इंग्लंडात, लेस्टरमध्ये होतो. पक्षाघातानंतर गिळता येईना, म्हणून बेळगावच्या एका दवाखान्यात राइल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात अन्न सोडायची नळी, घातली आणि आठव्या दिवशी घरी सोडलं. घर कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, सीमाभागात. सोडताना सिस्टरनं वैनीला पाच मिनिटांत सगळं दाखवलं, कानडीत. वैनीचं कानडी बाजारापुरतं. हातात दिलेला कागद इंग्रजी. तिनं त्याचा फोटो मला पाठवला आणि मी इथून मराठीत बोलून रेकॉर्ड करून धाडलं: डोक्याकडची बाजू उंच ठेवा, पेज द्यायच्या आधी आणि नंतर नळीत पाणी सोडा, दिल्यावर अर्धा-पाऊण तास आडवं करू नका. बेळगावचा कागद लेस्टरला येऊन मराठी झाला आणि मग खानापूरला पोचला.

तिसऱ्या आठवड्यात आबांनी झोपेत नळी ओढून काढली. रात्रीचे दोन. गावातले कंपाउंडर हाकेसरशी आले, नवी नळी घातली, सिरिंजनं हवा सोडली आणि पोटावर स्टेथोस्कोप ठेवून म्हणाले, "आवाज आला, बरोबर हाय." त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पण नळी फुप्फुसात गेली तरी तसाच आवाज येऊ शकतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून हवेच्या आवाजावर भरवसा ठेवू नका असं बजावलेलं आहे. इथं पोटातलं थोडं पाणी नळीतून मागं ओढून पट्टीवर आम्लतेचा आकडा (पीएच) बघतात. तो ५.५ किंवा त्याहून कमी आला, म्हणजे नळी पोटात आहे असं दिसलं, तरच काही द्यायचं, नाहीतर एक्स-रे.

हे मला शेजारच्या म्हाताऱ्या बाईंमुळं कळलं. त्यांच्या नाकातून नाही, थेट पोटातून नळी आहे. चार आठवड्यांपेक्षा जास्त लागणार असेल तर इथं तिचा विचार करतात. दर महिन्याला नळीतून द्यायचं तयार दूध, सिरिंजा, ते दूध सोडणाऱ्या पंपाचे सेट यांची खोकी दारात येतात, पैसे सरकारी आरोग्य सेवा भरते. आहारतज्ज्ञ वजन बघून प्रमाण बदलते. रात्री पंप वाजू लागला तर फोन करायला एक नंबर फ्रिजवर चिकटवलेला. मात्र त्यांच्या दाराची बेल महिन्यात जी काही वाजते, ती याच लोकांची. आमच्या आबांच्या खाटेपाशी दिवसभर कोणी ना कोणी बसलेलं असतं, "काय करूलालास गा?" म्हणत. ते एकटेपणाचं दुःख आबांच्या वाट्याला नाही.

आता आपल्याकडचा वाद. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या, महाराष्ट्र दावा सांगतो त्या कर्नाटकातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं. तेव्हाचे कर्नाटकचे मुख्यमंत्री बोम्मई खवळले, आमच्या हद्दीत तुमची योजना कशाला म्हणाले. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर चार दिवस लढाई. मीही लिहिलं, रक्त सळसळतंच. लहानपणी एक नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, सीमाभागातले मराठी लोक पाळतात त्या काळ्या दिनाच्या फेरीत घसा बसेपर्यंत ओरडलोय. पण दोन्ही सरकारांच्या योजना मुख्यतः दवाखान्यात भरती असेपर्यंतच्या. आबा गेटबाहेर आले, त्या क्षणी ते ना मुंबईचे राहिले ना बेंगळुरूचे. वैनीचे झाले.

मराठीत कागदपत्रं द्या, ही महाराष्ट्र एकीकरण समितीची मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. आपण ती सातबाऱ्यासाठी करतो, फलकांसाठी करतो. डिस्चार्जच्या कागदासाठी केलेली मी तरी ऐकली नाही. चुकीचा फलक वाचून कोणाच्या फुप्फुसात पेज जात नाही.

लंडनएवढा पैसा कुठून आणणार, असं कोणी म्हणेल. केरळकडं बघा ना. त्यांनी २००८ मध्ये अशा रुग्णांच्या शुश्रूषेचं धोरण करून ग्रामपंचायतींना या कामात घेतलं. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी नर्स जाते. आपल्याला सुरुवातीला तेवढंही नको. तालुक्याच्या दवाखान्यात नळी बदलणारी आणि पट्टीनं तपासणारी एक नर्स, एक फोन नंबर, आणि मराठी-कानडी दोन्हीत छापलेलं एक पान. घरी सोडण्याआधी वैनीसारखीकडून दोनदा करून घ्यायचं, नुसतं दाखवायचं नाही. तयार दूध विकत नको. नाचणीची आंबील, मुगाचं पाणी चालतं, पण फडक्यातून गाळून, नाहीतर नळी तुंबते. किती द्यायचं हे मात्र जाणत्या माणसानं वजन बघून सांगायला हवं. आबा दोन महिन्यांत नऊ किलोनं उतरले, कारण पोट भरलं की नाही हे ते सांगू शकत नव्हते आणि आम्हाला मोजायचं सुचलं नाही.

गेल्या दिवाळीत मी इथून पट्ट्यांची डबी नेली. कंपाउंडरना दाखवलं, त्यांनी लगेच उचललं. आता शेजारच्या गावातल्या एका आजींची नळीही ते तशीच तपासतात. वैनीनं नळीवर नाकापाशी मार्करनं रेघ ओढलीय, सरकली की कळतं. काल फोनवर म्हणाली, "रेघ जागेवर हाय. पट्ट्या अकरा उरल्यात. कोण येणार असेल तर दे की लावून."