एसएसडीटी टाकलं म्हणजे एसएसआयएस आलं, असं नसतं

छोट्या ऑफिसांची सॉफ्टवेअरची कामं करणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून फिरत असतो. विषय मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या एक्सप्रेस नावाच्या फुकट एडिशनचा, आणि एसएसआयएसचा. एसएसआयएस म्हणजे इंटिग्रेशन सर्व्हिसेस, डेटा एकीकडून दुसरीकडे आपोआप नेणारा भाग. त्या कामाच्या पायऱ्यांच्या जुळणीला पॅकेज म्हणतात. मेसेजचा सारांश असा: 'एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस फुकट आहे, पण त्यात एसएसआयएस लपवून ठेवलंय. एसएसडीटी डाउनलोड करा, पॅकेज बनवा, शेड्यूल करा. नाही जमलं तर डेव्हलपर एडिशन टाका, तीही फुकटच. नाहीतर एक्सप्रेसमध्ये साधं एक्सेल शीटसुद्धा आत घेता येत नाही. आणि तसाही दहा जीबीला डेटाबेस मरतो.'

बऱ्याच वाक्यांत थोडं खरं आहे, म्हणूनच माणूस फसतो. मीही फसलोय.

आधी ते 'लपवून ठेवलंय'. काही लपवलेलं नाही. एक्सप्रेसच्या सेटअपमध्ये इंटिग्रेशन सर्व्हिसेसचा चौकोन दिसत नाही, कारण ती त्या एडिशनमध्ये नाहीच. पॅकेज चालवणारं इंजिन स्टँडर्ड आणि एंटरप्राइझमध्ये मिळतं. सेटअप चार वेळा चालवून तो चौकोन शोधणारे लोक मी पाहिलेत.

खरी गोम एसएसडीटीमध्ये, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर डेटा टूल्समध्ये आहे. हे पॅकेज *रचायचं* साधन. २००५ पासून २००८ आर२ पर्यंत त्याला बिड्स म्हणायचे, २०१२ पासून एसएसडीटी झालं, आणि आता व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ साठी ते 'इंटिग्रेशन सर्व्हिसेस प्रोजेक्ट्स' नावाचं एक्स्टेन्शन आहे. (जुन्या नोट्स वाचून आजही कुणी बिड्स शोधत बसतं, त्यात त्याची चूक नाही.) हे सगळं फुकट डाउनलोड होतं, एक्सप्रेसच्या डेटाबेसला जोडलं जातं, आणि डिझायनरमधून पॅकेज चालवलं की हिरव्या बरोबरच्या खुणाही येतात. इथेच माणसाला वाटतं, जमलं!

एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात मी असंच दोन दिवस बसून पॅकेज बनवलं होतं. त्याला दाखवलं, चहा झाला, रात्री एकची वेळ लावून घरी आलो. सकाळी टेबल रिकामं. लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं: एसक्यूएल सर्व्हर डेटा टूल्सच्या बाहेर पॅकेज चालवायचं असेल तर इंटिग्रेशन सर्व्हिसेसची स्टँडर्ड किंवा वरची एडिशन टाका. डीटीएक्झेक (पॅकेज चालवणारी आज्ञा) मशीनवर असतं, हाक मारली तर ओही देतं, पण काम करत नाही. शिवाय शेड्यूल लावणारा एसक्यूएल सर्व्हर एजंटही एक्सप्रेसमध्ये नसतो. म्हणजे मेसेजमधलं 'बनवा' खरं, 'शेड्यूल करा' खोटं.

डेव्हलपर एडिशन २०१६ पासून फुकट आहे आणि तिच्यात एंटरप्राइझचं सगळं आहे, एसएसआयएससकट. पण ती फक्त बनवण्या-तपासण्यासाठी. गिऱ्हाइकाची रोजची बिलं तिच्यावर चालवणं परवान्यात बसत नाही. तांत्रिक अडचण काहीच येत नाही, म्हणून लोक बिनधास्त चालवतात. पण तपासणी आली तर उत्तर ऑफिसच्या मालकाला द्यावं लागतं, मेसेज पाठवणाऱ्याला नाही. स्वतःला शिकायचं असेल तर मात्र खुशाल हीच टाका.

आता 'एक्सेल शीटसुद्धा आत घेता येत नाही'. हे साफ चूक. इम्पोर्ट-एक्स्पोर्ट विझार्ड एक्सप्रेसबरोबर मिळतो. स्टार्ट मेनूत 'इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट डेटा' शोधा. एक्सप्रेसमध्ये तो काम लगेच करून देतो, फक्त पॅकेज जतन करू देत नाही. लोकांची गाडी अडते ती दुसरीकडे: 'मायक्रोसॉफ्ट एसीई ओएलईडीबी १२.० (एक्सेल वाचणारा ड्रायव्हर) नोंदवलेलं नाही' ही चूक येते आणि दोष एक्सप्रेसच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात ऑफिस ३२ बिटचं आणि विझार्ड ६४ बिटचा, एवढाच घोळ असतो. ३२ बिटचा विझार्ड उघडला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो.

आणि रोज तीच फाइल घ्यायची असेल तर विझार्डही नको. फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी फाइल) करून घ्या, बल्क इन्सर्टची, म्हणजे फाइल थेट टेबलात भरणाऱ्या आज्ञेची, चार ओळींची स्क्रिप्ट लिहा, ती एसक्यूएलसीएमडी या कमांड लाइनच्या साधनाने चालवा आणि वेळ विंडोजच्या टास्क शेड्यूलरला सांभाळू द्या. तीन गोष्टी लक्षात ठेवा. फाइलचा पत्ता सर्व्हरच्या मशीनवरचा असतो, तुमच्या लॅपटॉपवरचा नाही. 'स. नं. ४२, पेठ रोड' असल्या स्वल्पविरामवाल्या पत्त्यांनी रकाने सरकतात. २०१७ पासून फॉरमॅट 'सीएसव्ही' असा पर्याय देता येतो, तो द्या. आणि मराठी नावांचे प्रश्नचिन्ह झाले तर रकाना एनव्हारचार (युनिकोड मजकुराचा प्रकार) ठेवा आणि कोडपेज ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, लिहा. २०१६ पासून ते चालतं. अर्ध्या तक्रारी या तिसऱ्या मुद्द्याच्याच असतात.

दहा जीबीबद्दल फार बोलायला नको. ती मर्यादा एका डेटाबेसच्या डेटा फाइलींची आहे, लॉग त्यात धरत नाहीत, आणि २०२५ च्या आवृत्तीत ती ५० जीबी झालीय. किराणा दुकानाच्या बिलांना तिथपर्यंत पोचायला बरीच वर्षं लागतील.

पॅकेज खरंच गुंतागुंतीचं असेल, दहा ठिकाणचा डेटा जुळवायचा असेल, तर अपाचे हॉप (डेटा जुळवायचं फुकट साधन) किंवा पायथन बघा. टॅलेंड ओपन स्टुडिओ हे तसंच दुसरं साधन मात्र सुचवू नका, ते जानेवारी २०२४ मध्येच बंद झालं.

त्या व्यापाऱ्याकडे आज तीच चार ओळींची स्क्रिप्ट चालते. कुणी फाइल एक्सेलमध्ये उघडी ठेवून घरी गेलं, तर रात्री एकला ३२ नंबरची चूक येते: फाइल दुसरं कुणीतरी वापरतंय. स्टँडर्ड एडिशन घेतली असती तरी ती आलीच असती.