पाठीला लू

आमच्या गाडीच्या सीटांना काळं रेक्झिन आहे. घेताना ते फार 'रॉयल' वाटलं होतं. मे महिन्यात दुपारी दोनला, नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये उन्हात उभ्या केलेल्या गाडीत शिरलं, की ते रेक्झिन नसून तवा आहे आणि आपण धिरडं आहोत, हे कळतं. मी सीटवर बसत नाही, हप्त्याहप्त्यानं टेकतो. आधी डावी मांडी, मग उजवी. पाठ सर्वांत शेवटी, सिग्नल लागलाच तर.

यंदा नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या त्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांच्या, आधीच ठरवलं, गार सीट करून घ्यायची. आमच्या गावानं २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिलेत. मे २०२४ मध्ये तर रामदासपेठेतल्या स्वयंचलित यंत्रानं थेट ५६ दाखवलं. सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्यानं नंतर सांगितलं. माझ्या सीटला विचारलं असतं तर ती यंत्राच्या बाजूनं बोलली असती.

सदर भागातल्या सीट-कव्हरवाल्या दुकानदारानं आधी चहा पाजला, म्हणजे खर्च मोठा होता.

"सीट उसवू, फोमले भोकं पाडू, खालून पंखे लावू, वरून जाळीचं कव्हर. कंपनीवालेही हेच करते, भाऊ."

"मग गार कशानं होते?"

"तुमच्या घामानं जी."

मी कप खाली ठेवला. पण माणूस खरं बोलत होता. ही सीट हवा गार करतच नाही. पंखा हवा खेळवतो, घाम उडतो, पाठ थंडावते. थोडक्यात आपला खिडकीतला कूलरच; फक्त त्याच्या ओल्या गवताच्या ताट्या आपण, टाकीही आपण आणि पाणीही आपणच भरायचं. 'साब' या मोटार कंपनीनं १९९७ मध्ये आपल्या ९-५ गाडीत असे पंखे दिले. कंपनी स्वीडनची! तिथे एवढी कोणाची पाठ घामेजली होती, देव जाणे. खरोखर थंड पडणारी सीटही असते म्हणे, पेल्टियरची पट्टी लावलेली. तिची एक बाजू गार होते आणि दुसरी तापते. नागपुरात आणखी एक तापणारी बाजू पैसे देऊन कोण आणणार?

माझ्या सीटच्या कुशीत एअरबॅग आहे, त्यामुळे उसवाउसवीला मी नाही म्हटलं. शेवटी वरून घालायचं, पंखेवालं, कडा मोकळ्या सोडणारं कव्हर घेतलं. वायर लायटरच्या सॉकेटात खुपसली, की झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या आशेनं बटण दाबलं. कव्हरचा पंखा गुडघ्यांखाली असतो आणि पायापाशी जी हवा असेल ती ओढतो. तिथे तेव्हा होती सकाळपासून कोंडलेली, भाजलेली हवा. ती सरळ माझ्या कमरेत शिरली. आजवर लू तोंडावर यायची, आता पाठीलाही लागली. सोबत मागच्या आठवड्यात सांडलेल्या तर्रीचा वासही आला.

एसीनं गाडी गार केल्यावर मात्र सीट खरंच सुखाची होते, हे कबूल. पण त्याला दहा मिनिटं लागतात आणि ऑफिसातून धरमपेठेतलं घर येतं आठव्या मिनिटाला. त्यामुळे हल्ली मी पार शहराच्या टोकाच्या वाडीवरून वळसा घालून घरी येतो. "एवढा वेळ कुठं होते?" असं बायको विचारते. "सीट गार करून राहिलो होतो," हे उत्तर कुठल्याच नवऱ्यानं देऊन पाहू नये.

आईनं तिचा उपाय केलाच. काळ्या रंगावर तिचा राग जुना आहे. तिनं पंख्याच्या कव्हरवर फुलाफुलांची जुनी चादर घालून दिली. परवा सोसायटीच्या गेटशी गाडी चालूच ठेवून मी पार्सल घ्यायला उतरलो. माझं वजन गेल्याबरोबर चादर पुरीसारखी टम्म फुगली. वॉचमन काचेला नाक लावून बराच वेळ पाहत होता. मग हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही तं उतरले. मंग स्टेरिंगवर कोण बसून हाये?"