कोलेस्टेरॉल जिवापाड कसं जपावं

रिपोर्टमध्ये एलडीएलचा, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलचा, आकडा ठळक अक्षरांत छापून आला, की सगळ्यात आधी अंड्यातला पिवळा बलक टाकून द्या. घरच्यांना दिसेल असा टाका. मग उरलेल्या पांढऱ्याचं ऑम्लेट सढळ हाताने बटरवर करा. डॉक्टर म्हणतील, ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीने एलडीएल जास्त वाढतं. म्हणू द्या. बलक टाकताना चेहऱ्यावर जो त्याग झळकतो, तो बटर सोडून थोडाच झळकणार?

तेल घेताना बाटलीवर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलंय ना, तेवढं बघा. खोबरेल तेलातही कोलेस्टेरॉल नसतं आणि पामतेलातही नसतं. खोबरेलातली जवळजवळ 90 टक्के आणि पामतेलातली साधारण निम्मी चरबी संपृक्त असते खरी, पण ती ओळ मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते. चष्मा घरी ठेवूनच दुकानात जा.

आता यकृताकडे वळू. त्याच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल उचलून घेणारे रिसेप्टर असतात. ते शोधणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना 1985 साली नोबेल मिळालं. बिचाऱ्यांकडे आपल्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप नव्हता. संपृक्त चरबी भरपूर खाल्ली की हे रिसेप्टर कमी होतात आणि एलडीएलचे कण शनिवारी संध्याकाळी ठाण्याच्या राम मारुती रोडवर पार्किंग शोधणाऱ्या गाड्यांसारखे घिरट्या घालत राहतात. त्यातले काही रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसतात, म्हणजे जागा मिळतेच. शेंगदाण्याचं किंवा मोहरीचं तेल बटर-तुपाच्या जागी वापरलं, तर यकृत पुन्हा कामाला लागतं. त्याला एवढं राबवायचं कशाला?

कुणी फारच मागे लागलं तर स्निग्ध पदार्थ एकदम बंद करा आणि टोस्ट, बिस्किटं, ज्यूस यांवर या. तलावपाळीला फेरी मारलीत की उसाचा रस तर हक्काचा. जादा साखरेतून यकृत स्वतःच ट्रायग्लिसराइड नावाची चरबी बनवतं आणि व्हीएलडीएल नावाच्या कणांमध्ये भरून रक्तात सोडतं. तुपाचा थेंबही न खाता चरबी वाढवण्याची ही किमया आपल्या पोटातच आहे, याचा अभिमान बाळगा. शनिवारी येऊरला चालायला गेलात, तर रात्री चार पेगही घ्या. दारूनेही हेच साधतं.

तूप खाल्ल्याबरोबर रूप येत नाही. एलडीएल मात्र दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतं. तरीही तपासणीच्या आदल्या रात्री मुगाची खिचडी खा. ट्रायग्लिसराइड थोडं शहाण्यासारखं वागेल. एलडीएलचा कण रक्तात दोन-तीन दिवस फिरतो, त्याला तुमच्या एका रात्रीच्या खिचडीचं काय कौतुक!

शेवटी डॉक्टर स्टॅटिन लिहून देतील. ती गोळी यकृतातली कोलेस्टेरॉलची निर्मिती कमी करते, मग यकृत नाइलाजाने रिसेप्टर वाढवतं. तुम्ही हिंमत सोडू नका. रात्री गोळी घ्या आणि सकाळी पावाला दोन्ही बाजूंनी बटर लावा.