आप्पांची दाढ आणि न बसवलेली कॅप

आज मधल्या सुट्टीत आमच्या शिक्षककक्षात एक विषय निघाला आणि मी गप्प बसले, याचा राग रात्रीचे दहा वाजून गेले तरी मनातून जात नाही. आमच्या एका तरुण सहकारी शिक्षिकेच्या खालच्या दाढेचे महिन्यापूर्वी रूट कॅनाल झाले. कॅप, म्हणजे दाढेवर टोपीसारखे चढवायचे कडक आवरण, बसवण्यासाठी तिला येत्या शुक्रवारची वेळ मिळाली होती, ती तिने आज फोन करून रद्द केली. ‘ठणका पूर्ण थांबलाय, आता कॅप म्हणजे डॉक्टरांची वरकमाई’, असे ती म्हणाली आणि खोलीतल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. एकाने तर स्वतःचे उदाहरण दिले की आपल्या दाढेचे रूट कॅनाल होऊन दोन वर्षे झाली, कॅप नाही आणि काही बिघडलेलेही नाही. मी डबा बंद केला आणि तासाला निघून गेले. बोलायला हवे होते, कारण हेच वाक्य मी अकरा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकले होते आणि तेव्हा मान डोलावणाऱ्यांत मीही होते.

आप्पांची ती डाव्या बाजूची खालची पहिली मोठी दाढ होती. जी आपल्याला साधारण सहाव्या वर्षी येते आणि पुढे जन्मभर चावण्याचा मोठा भार सोसते. तीन खेपांत रूट कॅनाल झाले, आप्पा रात्री झोपू लागले, आणि शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी ‘पंधरा दिवसांत कॅप बसवून घ्या’ एवढे एकच वाक्य सांगितले. कॅपचा खर्च रूट कॅनालपेक्षा जास्त होता. त्याच महिन्यात धाकट्या भावाची कॉलेजची फी भरली होती. घरी येताना आप्पा म्हणाले, ‘दुखायचं थांबलंय की गं, आता टोपी कशाला?’ मला ते पटले. तुम्हालाही पटले असते, कारण आपण सगळेच अशा घरांत वाढलो आहोत जिथे वडीलधारी माणसे स्वतःवरचा खर्च सर्वांत आधी कापतात आणि त्यालाच आपण शहाणपण म्हणतो.

चार महिन्यांनी, एका संध्याकाळी, आप्पा अंगणात बसून भडंग खात होते. त्यात एक गणंग आला, भाजताना न फुटलेला, खड्यासारखा दाणा. त्यांनी गालावर हात ठेवला, तोंडातून काहीतरी काढले आणि तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिले. मी जवळ जाऊन पाहिले, तर दाढेची जिभेकडची अख्खी भिंत त्यांच्या हातात होती. बाहेरून पिवळसर, आतून काळपट आणि एका कडेला चिकटलेला राखाडी सिमेंटचा तुकडा. रक्ताचा एक थेंबही नव्हता आणि वेदनाही जवळजवळ नव्हती, म्हणून त्यांना वाटले की आता पुन्हा सिमेंट भरले की काम होईल.

ते झाले नाही. दुसऱ्या एका दंतवैद्य बाईंनी तपासून सांगितले की दाढेला गेलेला तडा हिरडीखाली मुळापर्यंत उतरला आहे आणि अशा दाढेवर कॅप बसवता येत नाही, ती काढावीच लागेल. आप्पांनी विचारले की एवढ्याशा दाण्याने दाढ कशी फुटेल. तेव्हा त्या बाईंनी जे समजावून सांगितले, ते मी आज त्या खोलीत सांगायला हवे होते.

रूट कॅनाल करताना दाताच्या आतली नस आणि रक्तवाहिन्या काढून मुळांच्या पोकळ्या स्वच्छ करून भरतात. पण तिथवर पोहोचण्यासाठी दाढेच्या माथ्यातून वाट काढावी लागते, आणि त्याआधी किडीने बरेच काही खाल्लेले असतेच. उरतात त्या मधल्या सिमेंटभोवती उभ्या असलेल्या सुट्या भिंती. चावताना दाढांवर येणारा दाब पाचरीसारखा काम करतो आणि या भिंतींना बाहेरच्या बाजूला ढकलतो. नस काढल्यामुळे दात ‘वाळतो’ आणि म्हणून फुटतो, असे पुष्कळ लोक सांगतात. मुख्य कारण त्याहून साधे आहे, ते म्हणजे मूळचा दातच कमी उरलेला असतो. कॅप त्या सगळ्या भिंतींना वरून आणि चहूबाजूंनी कवेत घेते आणि पाचरीचा जोर त्यांच्यावर येऊ देत नाही.

आप्पा शेतकऱ्याच्या घरातले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘म्हणजे चाकाला धाव चढवतात, तसंच की.’ बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव तापवून चढवतात, ती निवताना आवळते आणि सगळे चाक एकत्र धरून ठेवते. धाव नसलेले चाक ओझ्याखाली किती दिवस टिकेल, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘हे आधी कुणी सांगितलं असतं, तर घातली असती की.’

हे वाक्य आठवले की माझा राग त्या सहकारी शिक्षिकेवरून उठतो आणि पहिल्या डॉक्टरांवर जातो. पंधरा दिवसांत कॅप बसवा, एवढेच का सांगितले? का बसवायची, नाही बसवली तर काय होईल, आणि कॅप धरून एकूण खर्च किती, हे पहिल्याच दिवशी का सांगितले नाही? दाढेच्या बाबतीत रूट कॅनाल आणि कॅप हे बहुतेक वेळा एकाच कामाचे दोन भाग असतात. घर बांधून छप्पर मागाहून वेगळ्या पावतीवर मागितले, तर कोणालाही ती वरकमाईच वाटेल. रुग्ण संशय घेतो, कारण त्याला कोणी विश्वासात घेतलेले नसते. वर बहुतेक आरोग्यविमा अशा नेहमीच्या दंतोपचारांचा खर्च देत नाही, म्हणजे प्रत्येक रुपया खिशातूनच जातो, हे काय डॉक्टरांना ठाऊक नाही?

आणि हो, विनाकारण कॅप सुचवणारेही आहेत, हे मला मान्य करावे लागेल. माझ्या पुढच्या एका दाताचा कोपरा टवका उडून गेला होता, तेव्हा एका दवाखान्यात मला चार पुढच्या दातांना कॅप बसवून ‘सगळे एकसारखे करून घ्या’ असे सांगितले गेले. मी आप्पांच्या त्याच बाईंकडे गेले. त्यांनी दाताच्या रंगाचे सिमेंट भरून एका बैठकीत तो कोपरा पूर्ण केला आणि बाकीच्या तीन दातांना हातही लावला नाही. कॅपसाठी दात चारही बाजूंनी एक ते दीड मिलिमीटर आणि माथ्यावर दीड-दोन मिलिमीटर घासावा लागतो, आणि घासलेला दात पुन्हा कधीच वाढत नाही. म्हणून निरोगी दात केवळ शोभेसाठी घासू देण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, असे मी कोणालाही सांगेन. पुढच्या दाताचे रूट कॅनाल झाले असले, तरी तो फारसा किडलेला किंवा तुटलेला नसेल, तर त्याला दर वेळी कॅप लागतेच असेही नाही, कारण त्याच्यावर दाढेसारखा दळण्याचा भार नसतो. लहान कीड असेल, तर सिमेंट पुरते.

परंतु या उदाहरणांचा आधार घेऊन आप्पांच्या दाढेसारख्या दाढेलाही कॅप नको म्हणणे, हे मला सहन होत नाही. रूट कॅनाल न होताही कॅप लागण्याचे प्रसंग असतात. जुने चांदीचे सिमेंट एवढे मोठे असते की दाढेत दातापेक्षा सिमेंटच अधिक असते आणि एखादा कोपरा निखळलेला असतो. कधी चावून दाब सोडताना नेमक्या एका ठिकाणी कळ येते, तडा मात्र डोळ्यांना दिसत नाही. झोपेत दात खाण्याच्या सवयीने दाढा झिजून सपाट झालेल्या असतात. मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दाढांनाही स्टीलची तयार कॅप बसवतात, तेव्हा आपल्याकडे आजी हमखास म्हणते की पडणारच आहेत, कशाला खर्च; पण दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात आणि खालून येणाऱ्या दाढेची जागा राखतात.

शिक्षककक्षातल्या त्या दोन वर्षे टिकलेल्या दाढेविषयी मी काय बोलू? टिकली असेल, आणखीही टिको, असेच मी म्हणेन. पण आप्पांची दाढही चार महिने टिकलीच होती. ठणका थांबणे हा दाढ सुरक्षित असल्याचा पुरावा नाही, कारण ठणकणारी नसच काढून टाकलेली असते. त्या दाढेला थंड लागत नाही, गोड लागत नाही, आतून पुन्हा कीड शिरली तरी ती पूर्वीसारखी हाक देत नाही. राखणदार गेलेल्या घराला कुलूप तरी नीट हवे की नको? शिवाय रूट कॅनालनंतर वर तात्पुरते सिमेंट घातलेले असेल, तर ते महिनोन्महिने चालण्यासाठी नसते. ते झिजते, कडेने लाळ आणि जंतू आत झिरपतात आणि केलेले सगळे काम वाया जाऊ शकते.

पैशांचे म्हणाल, तर ती अडचण खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेणार नाही. पण कॅप म्हणजे महागडी झिरकोनियाचीच, म्हणजे दाताच्या रंगाच्या कणखर सिरॅमिकचीच, असे कोणी ठरवले? मागच्या दाढेला, जी हसताना दिसतही नाही, साधी धातूची कॅप उत्तम काम देते; तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो आणि ती सहसा तुटत नाही. धातूवर सिरॅमिक चढवलेलीही मिळते, फक्त काही वर्षांनी हिरडी खाली सरकली की तिच्या कडेला करडी रेघ दिसू शकते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत, तिथे खाजगी दवाखान्यापेक्षा बऱ्याच कमी खर्चात हे काम होते. खेपा जास्त घालाव्या लागतात, वेळ जातो, हेही सांगते. आणि कॅप जन्मभराची नसते. तिला कीड लागत नाही, पण ती जिथे दाताला भेटते त्या कडेला लागते, म्हणून तिथे रोज नीट ब्रश फिरवावा लागतो.

आप्पांची दाढ काढल्यावर पुढे काय झाले, ते मी सहसा कोणाला सांगत नाही. इम्प्लांटचा, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर खोटी दाढ लावण्याचा, खर्च झेपणारा नव्हता. दोन वर्षे जागा रिकामी ठेवली, मग जेवण नीट होईना म्हणून ब्रिज केला. ब्रिज म्हणजे गेलेल्या दाढेच्या अलीकडचा आणि पलीकडचा, दोन्ही दात घासून त्यांच्यावर कॅप आणि मध्ये लटकती खोटी दाढ. आप्पांचे ते दोन्ही दात ठणठणीत होते, त्यांना कधी कीडही लागली नव्हती. एक कॅप वाचवण्यासाठी निघालेल्या माणसाच्या तोंडात दोन कॅप आणि एक खोटी दाढ जोडून बसवली गेली. त्या दिवशी खुर्चीत आडवे पडलेले आप्पा तोंडात कापूस असताना माझ्याकडे पाहत होते आणि मी खिडकीबाहेर पाहत होते.

आता ते बहात्तर वर्षांचे आहेत. भडंग अजून आवडतो. आई आधी तो ताटात पसरते, बोटांनी चाळून गणंग वेचते आणि मगच वाटी त्यांच्या हातात देते.

लिहिता लिहिता सहकारी शिक्षिकेवरचा माझा राग गेला. ती तीस वर्षांची आहे, घरात सासऱ्यांचे औषधपाणी चालू आहे, आणि तिने जे केले ते आप्पांनी केले तेच आहे. उद्या प्रार्थनेआधी मी तिला व्हरांड्यात गाठणार आहे, ही आप्पांची हकीकत तिला सांगणार आहे आणि माझ्यासमोर दवाखान्यात फोन करून शुक्रवारची तीच वेळ परत मागायला लावणार आहे. शुक्रवारी तिचा शेवटचा तास सातवी ‘ब’ वर असतो, तो मी घेईन.