घरचा अभ्यासक्रम

निकोप नाते कोणते आणि घातक नाते कोणते, हे आपल्या मुलामुलींना कधीच कळू नये अशी आपली मनापासून इच्छा असेल, तर त्यासाठी वेगळे कष्ट घ्यावे लागतात हा गैरसमज आधी काढून टाकावा. बहुतेक सुसंस्कृत घरांत हे शिक्षण पिढ्यानपिढ्या विनामूल्य चालू आहे. येथे केवळ त्याची उजळणी करावयाची आहे.

शाळेची धास्ती बाळगू नये. 2007 साली केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांच्या दारापर्यंत आला होता आणि त्यात आरोग्याच्या माहितीबरोबरच दबावाला नकार कसा द्यावा यासारखी आक्षेपार्ह कौशल्येही होती. परंतु विधिमंडळात वेळीच गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने तो कार्यक्रम थांबवला. तेव्हापासून हा विषय मालिका, मोबाईल आणि वर्गातील मागचा बाक यांच्याकडे सोपवून आपण निर्धास्त आहोत.

सुरुवात लहानपणीच करावी. पाहुणे आले आणि चार वर्षांची मुलगी आईच्या पदराआड लपू लागली, तर ‘काकांना पापी दे बघू, नाहीतर काका रुसतील’ असे म्हणून तिला पुढे ढकलावे. या एका वाक्यात सारा अभ्यासक्रम सामावलेला आहे. आपल्याला काय नको आहे यापेक्षा समोरच्याला काय वाटेल हे महत्त्वाचे, रुसवा काढण्याची जबाबदारी आपली, आणि नाही म्हणणे हा उद्धटपणा, हे तिच्या मनावर एकदा नीट ठसले की सतराव्या वर्षी ‘माझ्यावर खरेच प्रेम असेल तर फोटो पाठवशील’ असे कोणी म्हणेल तेव्हा तिला नव्याने काहीही शिकावे लागत नाही.

मुलाला मात्र चिकाटी शिकवावी. मुलीने नकार दिला म्हणजे ती लाजते आहे, दुसऱ्यांदा दिला म्हणजे परीक्षा पाहते आहे, आणि तिसऱ्यांदा दिला म्हणजे तिच्या मैत्रिणींनी तिचे कान भरले आहेत, असा अर्थ लावण्याची सवय त्याला लागू द्यावी. स्पष्ट नकारानंतरही स्त्रीचा पाठलाग करणे, पुन्हा पुन्हा संपर्क साधणे किंवा इंटरनेटवरील तिच्या वावरावर पाळत ठेवणे हा 2013 पासून गुन्हा आहे, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे, आणि पहिल्याच वेळी त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, असले रूक्ष तपशील त्याच्या कानावर घालून त्याचा उत्साह मारू नये. ते सांगण्यासाठी पुढे वकील आहेतच.

पाठ्यपुस्तकापेक्षा प्रात्यक्षिक प्रभावी ठरते, म्हणून घरातील दैनंदिन व्यवहार मुलांसमोर निःसंकोच चालू ठेवावेत. आईने माहेरी जाण्यासाठी परवानगी मागावी, बाबांनी तिचा पगार ‘व्यवहार तिला कळत नाही’ म्हणून स्वतःच्या खात्यात वळवावा, आणि बाबा ओरडले की आईने स्वयंपाकघरात येऊन ‘त्यांचा जीव आहे गं आपल्यावर’ असे मुलीला समजवावे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या 2005 च्या कायद्यात शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळाचाही समावेश केलेला आहे. परंतु जिथे मारहाणीलाच संसार म्हणतात तिथे एवढ्या बारकाव्यात कोण शिरतो? या प्रात्यक्षिकांचे यश सरकारनेच मोजून ठेवले आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात न सांगता बाहेर जाणे, उलट बोलणे, स्वयंपाक नीट न करणे, सासरच्यांचा मान न राखणे अशी सात कारणे वाचून दाखवली, तेव्हा यांपैकी किमान एका कारणासाठी पतीने पत्नीला मारणे योग्य आहे असे सुमारे 45 टक्के स्त्रियांनी आणि 44 टक्के पुरुषांनी सांगितले. स्त्रिया येथे किंचित का होईना पुढे आहेत, याची स्त्रीशिक्षणाच्या इतिहासकारांनी नोंद घ्यावी.

पतीपत्नींनी मुलांसमोर एकमेकांची माफी मागणे मात्र कटाक्षाने टाळावे. मतभेद होऊनही आवाज न चढवणे, ‘आज नको’ हे उत्तर कारण न विचारता स्वीकारणे, जोडीदाराच्या मित्रमैत्रिणींबद्दल चौकशी न करणे, हे प्रकार एकदा जरी मुलांच्या नजरेस पडले, तरी त्यांच्याकडे तुलनेसाठी काहीतरी उरते, आणि तुलना करू लागलेले मूल हाताबाहेर गेलेच म्हणून समजा.

एवढी तयारी झाली की कॉलेजातील मित्राने पासवर्ड मागितला, दर अर्ध्या तासाने व्हिडिओ कॉल करून शेजारी कोण बसले आहे ते दाखवायला लावले, एकेक मैत्रीण तोडायला लावली आणि ‘सोडून गेलीस तर जिवाचे बरेवाईट करून घेईन’ असे सांगितले, तरी आपली मुलगी त्याला काळजीच समजेल. मुलगेही या अभ्यासक्रमातून सुटत नाहीत. प्रेयसीने मोबाईल तपासला, मित्रांसमोर अपमान केला किंवा हात उगारला, तरी पुरुषासारखा पुरुष असून तक्रार कसली करायची, एवढे त्यांना अचूक ठाऊक असते.

तरीही एखादी मुलगी धीर करून आपल्यापाशी आलीच, आणि तो जुने फोटो सगळ्यांना पाठवण्याची धमकी देतो आहे असे सांगू लागली, तर तिचे बोलणे पुरे होऊ देऊ नये. तिथे गेलीच कशाला, हा प्रश्न सर्वप्रथम विचारावा, लोक काय म्हणतील याची आठवण करून द्यावी, तिचा मोबाईल काढून घ्यावा आणि कॉलेज बंद करावे; धाकटी बहीण दाराआडून ऐकत असेल तर तिला हटकू नये.