‘असली काठी बुरुडाकडे शंभर रुपयांत मिळते’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचे दोन तारे आणि त्याखालचा अभिप्राय वाचला. नुसते तारे देऊन निघून गेला नाहीत, कारणं लिहिलीत, म्हणून मीही सविस्तर उत्तर देतो. ज्यांनी तुमचं लिखाण वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही आमच्या कोल्हापूरच्या कार्यशाळेतून सात फुटी, चार नंबरच्या लाइनचा (म्हणजे फेकायच्या दोरीचा) बांबूचा फ्लाय रॉड, म्हणजे पिसांची नकली माशी फेकून मासे धरायची काठी, अडतीस हजारांना घेतलात. हातात यायला सात महिने लागले. एप्रिलमध्ये हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट हा थंड पाण्यातला मासा धरायला नेलात, तिथं मित्राच्या कार्बन फायबरच्या रॉडपुढे तो जड आणि सुस्त वाटला. घरी आल्यावर शेंडा एका बाजूला वाकलेला दिसला. शिवाय बांबू कोल्हापूरचा नाही, चीनचा आहे, हेही तुम्हाला खटकलं. आणि शेवटी लिहिलंत, असली काठी बुरुडाकडे शंभर रुपयांत मिळते.

त्या शेवटच्या वाक्याचं आधी बोलतो, कारण ते वाचून आमच्याकडे काम करणारी पोरं गप्पच झाली.

बुरुडाचं काम हलकं, असं मी कधी म्हणणार नाही. बांबू फोडायला मी बुरुडाशेजारी बसूनच शिकलो. चीर एका बाजूला पळायला लागली की जाड अंगाला वाकवून तिला परत मध्यावर कशी आणायची, हे पुस्तकातून कळत नाही. पण शंभर रुपयांची काठी म्हणजे तोडून आणलेला अख्खा बांबू. तुमच्या हातात आहे तो रॉड एका बांबूचा नाही. त्याचा प्रत्येक भाग सहा कामट्या एकमेकींना चिकटवून झालाय. मूठ असलेला एक भाग आणि दोन शेंडे, म्हणजे अठरा कामट्या. प्रत्येक कामटी तिकोनी, तिन्ही कोन साठ अंशांचे, आणि ती बुडाकडून टोकाकडे निमुळती होत जाते. सहाही जुळल्या की षट्कोन तयार होतो, आत पोकळी राहत नाही आणि बाहेर फट दिसत नाही.

हे कसं होतं ते सांगतो, किमतीचा सगळा हिशेब त्यातच आहे. आधी बांबू फोडायचा. मग गाठी ऊब देऊन मऊ करायच्या, शिकंज्यात दाबून सरळ करायच्या. शेजारशेजारच्या कामट्यांच्या गाठी एका जागी येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर रॉड नेमका तिथंच कच्चा राहतो. नंतर कामट्या भट्टीत १८० अंशांच्या आसपास भाजायच्या. त्यानं उरलेलं पाणी जातं आणि बांबूला ताठपणा येतो. मग रंधा. दोन लांब पोलादी पट्ट्यांच्या मधल्या खाचेत कामटी ठेवायची आणि हातानं रंधत न्यायची. पट्ट्यांना ठरावीक अंतरावर स्क्रू असतात, त्यांनी खाचेची खोली कमीजास्त करता येते. आमचा हा साचा शिवाजी उद्यमनगरात बनवून घेतलाय. तिथल्या मिस्त्रींनी पहिल्यांदा माप बघून विचारलं होतं, बांबूला एवढी बारीक मापं कशाला?

कशाला, ते बघा. तुमच्या रॉडचा शेंडा अगदी टोकाला १.७ मिलिमीटर आहे. तो चुकून १.८ झाला तर डोळ्याला काही कळणार नाही. पण काठीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणजे मिलिमीटरच्या त्या दहाव्या हिश्शानं शेंडा साधारण पंचवीस टक्के जास्त ताठ होतो. तो रॉड मग दुसराच रॉड. म्हणून प्रत्येक कामटी दर पाच इंचांवर मायक्रोमीटरनं मोजायची, पुन्हा रंध्याखाली घ्यायची, पुन्हा मोजायची. आणि रंधा फक्त आतल्या दोन बाजूंना लावायचा. बाहेरच्या बाजूची वरची कडक साल तेवढी खरवडायची, त्याखाली पात्याला जाऊ द्यायचं नाही, कारण बांबूचे दाट, चिवट तंतू सालीलगतच असतात. आत जाल तसे ते विरळ होत जातात, मग नुसता गर. ते बाहेरचे तंतू कापले गेले तर कितीही मेहनत घेतली तरी रॉडमध्ये जीव राहत नाही.

त्यापुढचं काम पटकन सांगतो: चिकटवणं, दोऱ्यानं आवळून बांधणं, सरळ करणं, सांध्याच्या जर्मन सिल्व्हरच्या (तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूच्या) नळ्या लेथवर उतरवून हातानं घासत जुळवणं, कॉर्कची मूठ, रेशमी दोऱ्याची वेटोळी, लाइन जाण्याचं पहिलं कडं खंभातच्या अकीकाचं, आणि शेवटी व्हार्निशचे थर. जगात कुठंही हातानं असा रॉड करायचा म्हटलं तर चाळीस ते साठ तासांचं काम असतं. अडतीस हजार ही मोठी रक्कम आहे, मला मान्य आहे. पण त्यात मुख्य पैसा या तासांचा आहे, बांबूचा फारच थोडा.

आता सुस्तपणाचं. साहेब, तो रॉड संथ आहे, आणि तसाच असावा म्हणून आम्ही तो रंधलाय. ऑर्डर देताना तुम्ही लिहिलं होतं, ‘डोंगरातल्या लहान नद्या, बारीक फ्लाय.’ त्यावरून आम्ही मापं ठरवली.

इथं फ्लाय फिशिंग न केलेल्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आपल्या नेहमीच्या गळाला शिसं असतं, ते शिसं दोरीला ओढत नेतं. फ्लायला वजनच नसतं, पिसं आणि दोरा एवढाच ऐवज. त्यामुळे फेकायची असते ती लाइन. लाइनचे नंबर वजनावरून असतात, चार नंबरच्या लाइनच्या पहिल्या तीस फुटांचं वजन पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असतं. रॉड वाकतो तो या वजनानं, आणि सुटताना लाइन पुढे फेकतो. तीर्थनसारख्या नदीत दगडाआडचा ट्राउट आपल्यापासून वीस-पंचवीस फुटांवर असतो. तेवढी लाइन बाहेर असेल तर वजन भरतं पाच-सहा ग्रॅम. बरेचसे ताठ कार्बन रॉड एवढ्याशा वजनानं नीट वाकतच नाहीत, मग माणूस मनगटाचा जोर लावतो आणि फ्लाय पाण्यावर आपटते. बांबूचा रॉड आपल्या स्वतःच्या वजनानंही वाकतो. त्यामुळे जवळच्या फेकीत लाइन अलगद उलगडते. मासा लागल्यावरही तेच. टोकाला ०.१३ मिलिमीटरचा धागा बांधलेला असतो, माशानं एकदम हिसका दिला की मऊ शेंडा तो पोटात घेतो आणि धागा वाचतो.

मित्राचा रॉड लांब फेकतो, हे अगदी खरं. साठ-सत्तर फुटांची फेक, उलटा वारा, धरणाचं मोकळं पाणी, अशी मासेमारी असेल तर कार्बनच घ्या, आमच्याकडे येणाऱ्यांना मी हेच सांगतो. कार्बन तीसएक ग्रॅमनं हलकाही असतो. पण कार्बनची सवय झालेल्या हातानं बांबू फेकला की तो सुस्तच वाटणार. गाडीवान आसूड उडवतो तेव्हा तो मागं पूर्ण उलगडेपर्यंत थांबतो, घाई केली तर आवाजच निघत नाही. इथंही लाइन मागं सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढचा हात, आणि तोही निम्म्या जोरानं. कार्बनपेक्षा हा थांबा थोडा जास्त असतो. एकदा जमला की रॉड मुठीपर्यंत वाकलेला हाताला कळतो, लाइन मागं कधी सरळ झाली ते बघावं लागत नाही. ज्यांना बांबूचा नाद लागतो त्यांना तो याच गोष्टीसाठी लागतो, आणि मीही हे काम त्यासाठीच धरून बसलोय.

चीनच्या बांबूचं तुम्हाला वाईट वाटलं, ते मी समजू शकतो. आजरा, चंदगडकडचा आपला माणगा काय ताकदीचा असतो, हे कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. पण माणग्याचं मोठेपण त्याच्या भरीवपणात आहे, आणि रॉडमध्ये नेमका तो आतला भाग रंध्याखाली निघून जातो. आम्हाला हवी असते सालीलगतच्या दाट तंतूंची जाड पट्टी, लांब पेरं आणि सरळ वाढ. हे तिन्ही एका जागी मिळतं ते दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात वाढणाऱ्या टोंकिन बांबूत. जगभरचे रॉड बनवणारे शंभर वर्षांहून अधिक काळ तो वापरत आलेत. १९५० मध्ये कोरियन युद्धाच्या वेळी अमेरिकेनं चीनशी व्यापार बंद केला आणि ही बंदी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. त्या काळात अमेरिकेतले बांबूच्या रॉडचे कारखाने मागं पडले आणि फायबरग्लासनं बाजार घेतला, इतकं सगळं या एका जातीवर अवलंबून होतं.

पण एक गोष्ट तुम्हाला आवडेल. टोंकिन येण्याआधी, १८४० च्या दशकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात सॅम्युअल फिलिपी नावाचा बंदुका बनवणारा कारागीर असे चिकटवलेले रॉड करू लागला, आणि पुढे १८७० च्या दशकात मेन राज्यात हायरम लेनर्डनं सहा कामट्यांचे रॉड विकायला काढले. त्या पहिल्या पिढीच्या कारागिरांचा बांबू आपला होता. कलकत्ता बंदरातून जायचा, म्हणून त्याला कलकत्ता केनच म्हणत. म्हणजे हे काम सुरू झालं ते भारतीय बांबूवर. माणग्याच्या कामट्या रंधून, चिकटवून आम्हीही बघत असतो. ज्या दिवशी तो रॉड टोंकिनच्या तोडीचा वाटेल त्या दिवशी विकायला ठेवू, केवळ गावाचं नाव लावायला मिळतं म्हणून त्याआधी नाही.

सात महिन्यांचं कारण पावसाळा. तुमची ऑर्डर मे महिन्यातली. जून ते सप्टेंबर आम्ही चिकटवायचं आणि व्हार्निशचं काम बंद ठेवतो, तेव्हा फक्त फोडणं आणि रंधणं चालतं. कोल्हापूरच्या त्या हवेत भट्टीतून काढलेली कामटी पुन्हा ओल ओढून घेते. तशीच चिकटवली तर पुढे सुकताना चिकटवलेली जागा उघडते. हे ऑर्डरच्या वेळी कळवलेलं असतं.

राहिला शेंडा. तुम्ही लिहिलंय की शेवटच्या संध्याकाळी रॉड पुसायला वेळ मिळाला नाही, तसाच रॉड ठेवायच्या नळीत घातला आणि गाडीतून पुण्यापर्यंत आला. एप्रिलमध्ये उन्हात उभी असलेली बंद गाडी आतून साठ अंशांपर्यंत सहज तापते. ओल आणि उष्णता एकत्र आली की बांबू मऊ पडतो आणि ज्या आकारात असेल तो आकार धरतो. गाठी सरळ करताना आम्ही हेच उष्णतेनं करतो. म्हणून हा बाक जातो, मंद आचेवर ऊब देऊन हातानं सरळ केला की पुन्हा पहिल्यासारखा. तंतू तुटलेले नाहीत, तुम्ही टाकलेल्या फोटोत ते स्पष्ट दिसतंय.

तोपर्यंत नळीतला दुसरा शेंडा वापरा. तो शोभेसाठी दिलेला नाही, दोन्ही आलटून पालटून वापरायचे असतात. रॉड आधी कोरड्या फडक्यानं पुसा, घरात रात्रभर उघडा राहू द्या, मगच नळीत घाला. सांधा काढताना पिळू नका, सरळ रेषेत ओढा. फ्लाय झाडात अडकली तर रॉड उचलून हिसके देऊ नका, लाइन हातात धरून ओढा. मोठा मासा जवळ आला की रॉड उभा धरू नका, सगळा ताण शेंड्यावर येतो.

शेंडा कुरिअरनं पाठवा. सरळ करून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही, आमच्या कुठल्याही रॉडला, कितीही वर्षांनी. उद्या शेंडा तुटला तरी तुमच्या रॉडची सगळी मापं आमच्या वहीत आहेत, त्याच मापाचा नवा करता येतो, त्याचा तेवढा खर्च द्यावा लागेल. पण जमलं तर स्वतः या, आणि रील आणि लाइन बरोबर आणा. रविवारी सकाळी आम्ही मैदानात गवतावर फेकीचा सराव करतो. तासभर माझ्याबरोबर तो रॉड फेकून बघा. त्यानंतरही दोनच तारे वाटले तर दोनच राहू द्या, आणि रॉड चालू स्थितीत असेल तर मी तो पूर्ण किमतीला परत घेईन.